मिस पार्डोच्या वाकड्या पाठीबद्दल

मी, अँब्रोज जॉन पेनहॅलो, वय वर्षे त्र्याऐंशी, धंदा खाटकाचा (आता बंद), राहणार हॅरोज क्रॉसिंग, मरे नदीचा दक्षिण काठ, व्हिक्टोरिया, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा कागद दिला आहे, तो सोबत जोडला आहे. पाय ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला पाय लागत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. कोणी मला धाकदपटशा दाखवलेला नाही, आणि दाखवला असता तर मी उलटेच लिहिले असते हे गावात सगळ्यांना माहीत आहे. १९९१ आणि २०१२ साली केलेली माझी दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करतो. पहिल्यात सगळे माझी पत्नी विनी हिला दिले होते आणि ती माझ्या आधी गेली. दुसरे मी रागात लिहिले होते.

या कागदाप्रमाणे सर्व व्यवस्था वकीलबाई पिया ब्रुनेटी यांनी लावावी. मृत्युपत्र थोडक्यात असावे असे त्यांचे म्हणणे पडले. मी पन्नास वर्षे गिऱ्हाइकाला मागितले तेवढेच तोलून दिले. आज थोडे जास्त जाईल, त्याला इलाज नाही.

कलम पहिले. घर.

लाकडी फळ्यांचे, पत्र्याच्या छपराचे माझे राहते घर, मागचे अंगण, लिंबाचे झाड, पावसाच्या पाण्याची टाकी आणि अंगणातले तळे, हे सर्व माझी एकुलती एक मुलगी लोवेना हिला मिळावे. ती बेंडिगोला असते, जुन्या नकाशांच्या कचेरीत काम करते. तिने इथे राहावे, घर भाड्याने द्यावे किंवा विकावे. मी बघायला येणार नाही. पुढच्या खोलीतला पियानो शाळेला द्यावा. तो विनीने हौसेने घेतला होता आणि तीस वर्षांत तिला त्यावर एकच नाताळगीत बसवता आले, तेही अर्धे. मी तेव्हा कुरकुर करत असे. आता त्या अर्ध्या गाण्यासाठी मी हे सगळे घर देऊन टाकले असते. असो. घराबाबत अट एकच आहे, ती तळ्याची, आणि ती कलम सहामध्ये आहे.

कलम दुसरे. बचत.

बँकेत जे असेल त्याचे तीन भाग करावेत. दोन लोवेनाचे, एक गावच्या आग विझवणाऱ्या स्वयंसेवकांचा. १९८१ साली दुकानाच्या धुराड्याने पेट घेतला तेव्हा ही माणसे भरल्या ताटावरून उठून आली. त्यांनी दुकान वाचवले आणि सॉसेजही वाचवले, जरी त्यातले बरेचसे त्यांनी निखाऱ्यावर तिथेच भाजून संपवले.

कलम तिसरे. चुलतभाऊ मर्विन.

मर्विनने १९८८ साली त्याच्या मुलीच्या लग्नासाठी माझे सॉसेज भरायचे यंत्र नेले. लग्न झाले, मुलीला नातवंडे झाली, यंत्र आले नाही. ते त्याने आता ठेवून घ्यावे. शिवाय गेली तीस वर्षे तो माझ्या डुकराच्या सॉसेजचा मसाला मागतो आहे, तर तो मसाला मी या कलमाने त्याला देतो. कागद ड्रॉवरमध्ये आहे. त्यात एक जिन्नस लिहिलेला नाही. तो मी त्याला देत नाही.

कलम चौथे. हत्यारे.

रेडगमच्या लाकडाचा, मांस तोडायचा ओंडका गावच्या संग्रहालयाला द्यावा. ते गेली कित्येक वर्षे मागत आहेत. सत्तूर, करवत आणि मांस टांगायचे आकडे त्यांनाच द्यावेत. फक्त हाडे काढायची बारीक पात्याची सुरी लोवेनाला द्यावी. ती सुरी म्हणजे माझी इभ्रत होती. बिनहाडाचे, चरबी कातरलेले, सुतळीने गुंडाळलेले मांस इतके स्वच्छ देणारा खाटीक नदीच्या वर आणि खाली दुसरा नव्हता. स्वान हिलहून लोक गाडी करून येत. हाड राहिले तर पैसे परत, अशी पाटी मी लावली होती आणि ती पाटी कधी कामाला आली नाही. माझ्या हातून गेलेल्या मांसात हाड नसे, या गोष्टीचा मला फार ताठा होता. पुढे जे झाले ते त्या ताठ्यानेच झाले, म्हणून इथे लिहून ठेवतो.

कलम पाचवे. मिस पार्डो.

मिस पार्डो हे लांब मानेचे, गोड्या पाण्यातले कासव आहे. मादी आहे. वय त्रेचाळीस. सरकारी परवाना माझ्या नावावर आहे, तो दारामागे खिळ्याला लावला आहे.

१९७४ चा मोठा पूर ओसरल्यावर, पुढच्या फेब्रुवारीत, लोवेनाला हे पिल्लू आमच्या मागच्या गटारात सापडले. पन्नास सेंटच्या नाण्याएवढे होते, पोटावर नारिंगी ठिपके, आणि मान अंगापेक्षा लांब. लोवेना तेव्हा नऊ वर्षांची होती. तिच्या वर्गाच्या बाईंचे नाव मिस पार्डो होते आणि त्यांची मानही खिडकीतून वर्गात डोकवायला पुरेल एवढी होती. नाव ठेवून झाल्यावर पोरगी इतकी हसली की तिला उचकी लागली. खऱ्या मिस पार्डो दर गुरुवारी खिमा न्यायला येत, तेव्हा विनी मागच्या खोलीत तोंडाला फडके लावून बसत असे.

लोवेनाला कासव अंगणात ठेवायचे होते, टाकीखाली, पाण्याच्या घंगाळात. मी ऐकले नाही. मी काचेची पेटी आणली आणि दुकानाच्या दर्शनी खिडकीत मांडली, मांसाच्या तबकांशेजारी. गिऱ्हाइके थांबत, पोरे काचेला नाक लावत. एकदा नगरपालिकेचा माणूस तपासणीला आला. त्याने तिला पेटीतून उचलले आणि तिने त्याच्या बाहीवर असा काही वास सोडला की तो कागद न भरताच गेला. लांब मानेच्या कासवाला तेवढी एक विद्या येते. त्या दिवशी आम्ही तिघे जेवताना खूप हसलो. ते दिवस फार चांगले होते, आणि ते मीच घालवले.

खिडकी उत्तरेकडे होती, आणि आमच्या दक्षिण गोलार्धात सूर्य उत्तरेच्या बाजूने जातो. दिवसभर ऊन. कासवाला ऊन लागते एवढे मला माहीत होते, म्हणून मी स्वतःवर खूश होतो. खायला मी माझ्या हाताने देत असे. उत्तम गोमांस, चरबी नाही, शीर नाही, हाडाचा कण नाही, दोनदा काढलेला खिमा. खुद्द मिस पार्डोबाई इतका चांगला खिमा नेत नव्हत्या.

लोवेना म्हणे, "बाबा, नदीतल्या कासवांना कोण खिमा करून देतं? तिला गोगलगायी देऊ या ना. आणि बाहेर ठेवू या, खऱ्या उन्हात."

विनीनेही एकदा सांगून बघितले, की पोरीचे कासव आहे, पोरीला ठरवू दे. मी दोघींना सांगितले की मांसातले मला कोणी शिकवू नये.

सहा-सात महिन्यांत तिची पाठ बोटाने दाबली तर दबू लागली. मग कडा वाकल्या, डावीकडची खाली आणि उजवीकडची वर. मागचे पाय ओढू लागली. डोळे सुजून मिटले. मी खिमा वाढवला.

नोव्हेंबरातला शनिवार होता, दुकान बंद व्हायची वेळ. आठ-दहा गिऱ्हाइके उभी होती. लोवेना जमिनीवरचा लाकडाचा भुसा झाडत होती. शनिवारी ते तिचे काम असे. टपाल कचेरीतल्या बाई पेटीकडे बघून म्हणाल्या, "अँब्रोज, हे असं वाकडं काय झालंय? बघवत नाही रे."

सगळे बघू लागले. माझ्या खिडकीत, माझ्या पाटीखाली. मी म्हणालो, "पोरीला पाळायची हौस, सांभाळायची नाही. हिच्या हातात दिलं आणि हिनं त्याची वाट लावली."

हे वाक्य मी जसेच्या तसे लिहिले आहे. वकीलबाईंनी सौम्य करू का विचारले. नको.

लोवेनाने झाडू भिंतीला टेकवला. डोक्यावरची टोपी काढली, पेटीतून मिस पार्डोला उचलून टोपीत ठेवले आणि रस्ता ओलांडून समोर गेली. ती रडत नव्हती. मी माझ्याच काचेतून बघत राहिलो.

समोर थानासिस कूरिसचे मासळीचे दुकान होते. थानासी ग्रीक, माझ्याहून वर्षाने मोठा, पाय दोन्हीकडे वाकलेले. गावात त्याला ‘कंस’ म्हणत, लिखाणातल्या ( ) वरून. ते नाव मीच पाडले होते. त्याचे आणि माझे सात वर्षे बोलणे नव्हते. त्याच्या तळणाचा वास माझ्या मांसाला लागतो, असे मी नगरपालिकेला लिहिले होते. त्यानेही माझ्या माशांबद्दल लिहिले होते, म्हणजे उडणाऱ्या.

अर्ध्या तासाने मी एप्रन न सोडता तिकडे गेलो. मागच्या पायरीवर, उन्हात, दोघे बसले होते. घंगाळात मिस पार्डो होती. थानासी बोटाएवढे मासे, डोक्यासकट, बारीक चिरून तिच्या तोंडासमोर हलवत होता.

"माझ्या घरातलं जनावर तुझ्या दारात काय करतंय?" मी विचारले.

थानासी उठला नाही. त्याने विजार गुडघ्यापर्यंत वर केली. "बघ," तो म्हणाला. "कंस म्हणतोस ना मला? लढाईत दोन हिवाळे आम्ही तळघरात काढले. खायला पाव, तोही असला तर. हाडाला काही मिळालं नाही, अंगाला ऊन मिळालं नाही, पाय वाकले. हिची पाठ तशीच वाकलीये, खाटका. पोरीचा काय दोष? तिला सगळा मासा लागतो. काट्यासकट, डोक्यासकट, पोटातल्या घाणीसकट. तू सगळं चांगलं चांगलं देतोस, आणि हाड तेवढं काढून घेतोस."

मी म्हणालो, "मासे खपवायची ही बरी युक्ती काढलीस."

एवढेच म्हणालो. लोवेना माझ्याकडे बघत होती. त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर हे कलम लिहावे लागले नसते.

आठवडाभरात मी अंगणात तळे खणले. खिडकीतली पेटी काढली. पोरगी शाळेतून यायच्या आत यॅबी, म्हणजे गोड्या पाण्यातले झिंगे, पकडायच्या जाळ्या कालव्यात टाकून येऊ लागलो. सगळे केले, फक्त चूक कोणाची होती ते बोललो नाही. गावाने शनिवारचे वाक्य ऐकले होते आणि तेच धरून ठेवले. "पेनहॅलोच्या पोरीनं बिघडवलेलं कासव" असे लोक वर्षानुवर्षे म्हणत, हसत, वाईट हेतूने नव्हे. मी कधी कोणाला थांबवले नाही.

त्यानंतर दर जानेवारीला आम्ही समुद्रावर जाऊ लागलो. गाडीने सहा तास, पोर्टलंडच्या बाजूला. किनाऱ्यावर समुद्रफेस वाहून आलेला असतो, म्हणजे माकुलाचे पांढरे हाड. पिंजऱ्यातल्या पोपटांना देतात तेच. कासवाला ते पाण्यात सोडावे, ती कुरतडते, त्यातले कॅल्शियम तिच्या कवचाला मिळते. विनी पाण्याच्या कडेने चाले, लोवेना पुढे पळे आणि मोज्यात हाडे भरे. घरी आल्यावर आम्ही ती पाण्यात भिजत घालत असू, खारटपणा जाईपर्यंत, आणि मग घराच्या पत्र्यावर वाळवत असू. मागची कडक बाजू मी खरवडून देई, वर सांगितलेल्या त्याच सुरीने. सगळ्या पत्र्यावर पांढरी हाडे, खाली विनीचे अर्धे गाणे. असे दहा-अकरा जानेवारी गेले. माझ्या आयुष्यातली तेवढी वर्षे मला कोणी परत दिली तर मी बाकीची मर्विनला देईन.

मिस पार्डोचे कवच कडक झाले. डोळे उघडले. पण वाकडे झालेले सरळ झाले नाही. आजही ती मान डावीकडे वळवून कवचाखाली घेऊ बघते, तेव्हा वाकलेली कड आड येते आणि मान अर्धी बाहेर राहते. म्हणून तिला नदीत सोडता येत नाही. कायदाही सोडू देत नाही, आणि कोल्हा तर पहिल्याच संध्याकाळी तिला गाठेल.

कलम सहावे. तिचा ताबा आणि तिचे खाणे.

माझ्या मृत्यूनंतर मिस पार्डो लोवेनाच्या ताब्यात जावी, तिची इच्छा असेल तर. इच्छा नसेल तर तिच्यावर काही बंधन नाही. मग वकीलबाईंनी परवाना असलेला चांगला माणूस शोधावा आणि खालचे सगळे त्याच्याकडून पाळून घ्यावे. ती जिवंत आहे तोवर तळे बुजवू नये. कासव जो घेईल त्याने आधी स्वतःच्या नावावर परवाना काढावा.

नुसता खिमा कधीही देऊ नये, कितीही चांगला असला तरी. मांसात कॅल्शियम जवळजवळ नसते, आणि जे दुसरे द्रव्य असते ते अंगातले कॅल्शियमही कामी येऊ देत नाही. लहान मासे अख्खे द्यावेत. यॅबी कवचासकट, गोगलगाय शंखासकट. गांडुळे चालतात. नदीतला कार्प फुकट मिळतो म्हणून रोज तोच देऊ नये; त्या माशात असे काही असते जे एक जीवनसत्त्व नासवते, आणि कासवाला झटके येऊ लागतात. मासे बदलत राहावेत.

पंधरा दिवसांतून एकदा नखाएवढी कलेजी. त्यात ‘अ’ जीवनसत्त्व असते, ते कमी पडले की डोळे सुजतात. पण सुजले म्हणून वाटीभर कलेजी घालू नये; ते जीवनसत्त्व जास्त झाले तरी अपाय करते, मग कातडी सोलून निघते. मी दोन्ही करून बसलो आहे. कॅल्शियमची आणि जीवनसत्त्वांची पूड फडताळात आहे, ती आठवड्यातून दोनदा माशाला चोळून, चिमूटभर.

ऊन उघडे पाहिजे. मध्ये काच नको, प्लास्टिक नको. बाजूला सावलीही हवी, तिला कंटाळा आला की जायला. पाऊस-पाण्याच्या दिवसांत शेडमधला दिवा लावावा, आणि तो दर वर्षी बदलावा. तो पेटलेला दिसतो, पण त्यातला उपयोगाचा किरण आधीच संपतो. थंडीत ती चिखलात झोपते, तेव्हा तिला उठवून खायला घालू नये. विनी मला रविवारी झोपू देत असे, तेवढी माया तिलाही दाखवावी.

कलम सातवे. दोष.

हे कलम लोवेनासाठी आहे, पण ते सगळ्यांसमोर वाचावे, कारण शनिवारचे वाक्य सगळ्यांसमोर होते.

१९८९ साली मिस पार्डोने खाणे सोडले. लोवेना तेव्हा बेंडिगोला राहायला गेली होती, आणि तिथे प्राण्यांचे एक डॉक्टर होते ज्यांना सापा-कासवांतले कळत असे. लोवेनाने आम्हाला गाडीने नेले. ती बाहेर बाकावर बसली. आत डॉक्टरांनी क्ष-किरणांचा फोटो काढला. पोटात नऊ अंडी होती, कवचाची, नीट. मग त्यांनी पाठीवर बोट फिरवले आणि विचारले, लहानपणी काय दिले, कुठे ठेवले होते. मी सांगितले. ते म्हणाले, कवचाला नुसते कॅल्शियम देऊन भागत नाही, ते अंगी लागायला ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि ते उन्हातल्या ज्या किरणाने तयार होते तो किरण खिडकीची काच अडवते. ऊब आत येते, तो येत नाही. म्हणजे माझ्या दुकानाच्या खिडकीत ती दिवसभर उन्हात बसून होती आणि तिच्या वाट्याला ऊन आलेच नव्हते.

पोरगी हेच म्हणत होती. खऱ्या उन्हात ठेवू या.

मी बाहेर आलो. लोवेना उठून उभी राहिली आणि म्हणाली, "काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हणालो, "अंडी आहेत म्हणाले."

ती हसली. गाडीत बसलो. परतीच्या वाटेवर तिने दोनदा मागे वळून पेटीकडे बघितले आणि मी बाहेरच्या शेतांकडे बघत राहिलो. थानासीचे न ऐकण्याला माझा राग कारण होता. त्या दिवशी खरे न सांगण्याला काहीच कारण नव्हते.

लोवेनाने मूल होऊ दिले नाही. तिचा नवरा चांगला माणूस होता, तो पुढे वेगळा झाला. २०११ साली विनी आजारी होती, तेव्हा तिने मला सांगितले, की लोवेना एकदा तिला म्हणाली होती, "आई, मला जे एक सांभाळायला दिलं होतं त्याची पाठ वाकडी झाली. परत नको." विनीने मला विचारले, "अँब्रोज, तू तिला सांगितलंस का कधी?" मी म्हणालो, सांगतो. त्या बाईला मी शेवटचा दिलेला शब्द हा, आणि तो मी सात वर्षे पाळलेला नाही. एका कासवापायी कोणी असा निर्णय घेत नाही, असे वकीलबाई म्हणतात, मीही मला तेच सांगत आलो. पण ती नकाशांत काम करते, तिच्या घरात कुंडीसुद्धा नाही, आणि ती इथे येते तेव्हा तळ्याच्या काठाशी उभी राहते, मिस पार्डोला हात लावत नाही.

सबब मी, अँब्रोज पेनहॅलो, शुद्धीवर असताना लिहून देतो की मिस पार्डोची पाठ माझ्या मुलीने बिघडवली नाही. ती मी बिघडवली. खिमा माझा होता, खिडकी माझी होती आणि अहंकारही माझा होता. लोवेनाने मिस पार्डोला वाचवले. नऊ वर्षांच्या पोरीला जे कळत होते ते तिने सांगितले होते, आणि टोपीत घालून तिला घेऊन गेली नसती तर कासव त्याच महिन्यात मेले असते. बाळ, तुझ्या हातात काही खोट नाही. कधीच नव्हती.

कलम आठवे. त्याच दिवशी दुपारी, सह्यांच्या आधी वाढवलेले.

वरचे सगळे लिहून झाल्यावर साक्षीदारांना बोलावले. एक फ्लोरा मॅकइलरेथ, माझ्या पायाची पट्टी बदलायला येणारी नर्स. दुसरा थानासी. आम्ही अलीकडे बोलतो. दोघांची दुकाने बंद झाली, मग भांडायला जागाच उरली नाही. त्याला ओंडका द्यायचा माझा विचार होता, पण साक्षीदाराला काही न मिळालेले बरे असे वकीलबाई म्हणाल्या. थानासी म्हणाला, ओंडका घेऊन मी काय त्यावर झोपू.

त्याने चष्मा लावून सगळे वाचले. कलम सात दोनदा वाचले. मग पेन खाली ठेवले.

"मी सही नाही करणार," तो म्हणाला.

मी विचारले, काय चुकले.

"चुकलं काही नाही. पण हे तू मेल्यावर ती ऐकणार. तिनं तुला काय म्हणायचं ते मग कोणाला म्हणायचं? मला? तू माफी मागतोस आणि उत्तर ऐकायला थांबत नाहीस, अँब्रोज. गिऱ्हाइकानं हाड परत आणलं तर दुकान बंद करून बसणाऱ्यातला तू कधी नव्हतास."

मी म्हणालो, मला तोंडाने जमत नाही. तीन वेळा फोन केला होता, तिन्ही वेळा हवापाण्याचे बोलून ठेवला.

"मग वाचून दाखव. लिहिलंयस ना? वाचता येतं ना?" आणि त्याने माझाच फोन उचलून नंबर लावला.

वकीलबाई आणि फ्लोरा अंगणात गेल्या. थानासी गेला नाही. मी कलम सात पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचले. मध्ये दोनदा थांबलो.

मग लोवेना म्हणाली, "बाबा, त्या शनिवारी मी दहा वर्षांची होते."

मी हो म्हणालो.

"मी पुस्तकं आणून वाचली होती नंतर," ती म्हणाली. "मला कळलं होतं खिम्याचं. तरी मला वाटायचं, तुम्ही म्हणालात म्हणजे मीच काहीतरी केलं असणार." मग ती रडली. बराच वेळ. मी ऐकले, फोन ठेवून दिला नाही. मी माफ कर म्हणालो. तिने हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही, आणि तो तिचा अधिकार आहे.

शेवटी तिने विचारले, "आज काय खाल्लं तिनं?"

"दोन यॅबी. कवचासकट."

"आणि डोळे?"

"उघडे आहेत. स्वच्छ."

"शनिवारी येते मी," ती म्हणाली. "तुम्ही काठावर खुर्ची टाकून बसा आणि मला सांगा. हात मी लावीन."

सबब कलम सहामधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे दोन शब्द मी खोडत आहे. त्या जागी ‘येत्या शनिवारपासून’ असे वाचावे. मृत्युपत्रात असे बसत नाही, असे वकीलबाईंचे म्हणणे आहे. त्यांनी ते बसवावे. खोडलेल्या जागी मी आणि दोन्ही साक्षीदारांनी आद्याक्षरे केली आहेत.

ठिकाण: हॅरोज क्रॉसिंग, व्हिक्टोरिया
दिनांक: बुधवार, १४ मार्च २०१८

(सही) अँब्रोज जॉन पेनहॅलो

आम्ही दोघे एकाच वेळी हजर असताना अँब्रोज पेनहॅलो यांनी वरील मजकूर वाचून, समजून, स्वतःच्या हाताने सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) फ्लोरा मॅकइलरेथ, नर्स

साक्षीदार २: (सही) थानासिस कूरिस, मासळीचे दुकान (बंद). फोनही माझ्यासमोर झाला. त्याने सगळे वाचले, एक शब्द गाळला नाही.